अक्कांचं पथ्य

सांगू की नको, सांगू की नको, असं करता करता मी रिटायर झाले. तरी सांगितलं नाही. यांनाही नाही — आणि यांना तर माझं सगळं ठाऊक, मी घोरते तेसुद्धा पाहुण्यांसमोर रंगवून सांगतात. मुलीला नाही. ज्यांना सांगायला हवं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

पण आधी थोडी फुशारकी मारू द्या. ती ऐकल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी होमिओपॅथीच्या कॉलेजात मटेरिया मेडिका शिकवलं — कुठलं औषध कुठल्या माणसाला लागू पडतं, तो विषय. घोकंपट्टीसाठी बदनाम. मी मात्र कुणाला घोकू दिलं नाही. मी औषधं करून दाखवायची! पल्सेटिला शिकवायची तर पदर डोळ्यांना लावून मुसमुसायची. आर्सेनिक असेल तर टेबलावरचे खडू पुन्हा पुन्हा सरळ लावत येरझाऱ्या घालायची. नक्स व्होमिकाच्या तासाला एकदा इतकी खेकसले, की भांडण लागलं समजून शेजारच्या वर्गातले सर धावत आले. पोरं हसून लोळली, आणि परीक्षेत एकानेही नक्स चुकवलं नाही. आहे का असं कुणी शिकवणारं? सांगा.

आणि ती पोरं तरी कशी? बारावीला मार्क कमी पडले, एमबीबीएस हुकलं, म्हणून नाइलाजाने आमच्याकडे आलेली. पहिल्या दिवशी त्यांची तोंडं बघवायची नाहीत. त्यांना मी ताठ मानेनं चालायला शिकवलं. आज राजूरच्या डोंगरात जा, नाहीतर पार पाथर्डीकडे जा, कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या पाटीवर माझ्या विद्यार्थ्याचं नाव दिसेल. ऊसतोडीला निघालेल्या बाया लेकरांची औषधं माझ्या पोरींकडून बांधून घेऊन जातात. मला अभिमान आहे. का नसावा?

घरचंही असंच. मी पुणतांब्याची धाकटी सून. लग्न झालं तेव्हा शिक्षण अर्धं होतं. सासरे मला 'साबुदाण्याची डॉक्टरीण' म्हणायचे — आमच्या त्या पांढऱ्या गोड गोळ्यांवरून. मुलगी झाली तेव्हा सगळ्यांनी हेका धरला, की आता पुरे झालं कॉलेज. तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, मधे पडल्या. मुलगी माझ्या मांडीवरून उचलली आणि म्हणाल्या, "तू जा नगरला. पोरगी ऱ्हाईल माज्यापाशी. दोन हायती, तिसरी जड न्हाई."

माझी मुलगी पहिल्यांदा 'आई' म्हणाली ती अक्कांना. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या एका बाईच्या जिवावर मी डॉक्टर झाले, मग शिक्षक झाले, नगरलाच सावेडीत घर झालं. आणि अक्कांना माझा अभिमान किती! शेजारणींना हाताला धरून माझ्याकडे आणायच्या. "आमची डॉक्टरीण हाय. नुसतं बोलली तरी निम्मं दुखनं जातंय."

बघा, अजून मुद्द्यावर येत नाहीये मी. कळतंय मला.

तर — माझं बीपी वाढलं. चाळिशी ओलांडली होती. मी आधी आपलं औषध घेतलं, मनापासून घेतलं, पण आकडा हलेना. माझी एक शाळेतली मैत्रीण आहे, फिजिशियन. तिने डोळे वटारले आणि गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक, चुकवायची नाही. बीपी उतरलं. यात चोरीचं काय होतं? काही नव्हतं! मी स्वतः वर्गात सांगायचे, की जिथे आपलं चालत नाही तिथे दुसऱ्याकडे पाठवायला लाजू नका. पेशंटची चालू असलेली बीपीची गोळी परस्पर बंद करायची नाही, हे तर मी तोंडी परीक्षेत हमखास विचारायचे. चुकीचं उत्तर आलं की सरळ नापास.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्यासाठीच केली असावी ही म्हण.

पहिल्या वर्षाच्या तासाला एका मुलीने विचारलं, मॅडम, तुम्हाला बीपी आहे म्हणे, मग तुम्ही काय घेता? प्रश्नात खवचटपणा नव्हता. आपण निवडलेल्या रस्त्यात काही दम आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मी म्हटलं — आपलंच. आपल्याच गोळ्यांवर आहे मी. बघा, आहे की नाही ठणठणीत?

काय टाळ्या पडल्या! त्या पोरांचे चेहरे असे उजळले, की मला वाटलं, जाऊ दे, एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय जातंय?

मग ते खोटं सांभाळणं आलं. बीपीच्या गोळ्या मी पाकिटातून काढून आमच्या औषधाच्या काळ्या बाटलीत भरायचे. वर चिठ्ठी नेट्रम म्यूरची. हसू नका, नेट्रम म्यूर म्हणजे चक्क मीठ! बीपीच्या गोळीवर मिठाचं नाव, माझ्याच हातचं. सावेडीतला मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून स्कूटर घेऊन पार स्टेशन रोडला जायची. औषधांच्या कपाटाला हे कधी हात लावत नाहीत, त्यामुळे घरात कळायचा प्रश्न नव्हता. पुढे पुढे तर ते खोटं आहे हे मीच विसरले. दरवर्षी नव्या वर्गाला हा किस्सा सांगायचे, आणि दरवर्षी तो जास्तच रंगायचा.

आणि मग अक्कांना बीपी निघालं. राहात्याच्या डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. त्या माझ्याकडे सावेडीला आल्या, गोळ्यांचं पाकीट पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुला बी हाय नव्हं हे? तू काय घेतीस?"

समोर माझ्या दोन विद्यार्थिनी बसल्या होत्या. त्यातल्या एकीने मी तोंड उघडायच्या आत मोठ्या कौतुकाने सांगून टाकलं, मॅडम आपल्याच गोळ्यांवर आहेत. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मंग मला बी तेच दी. ही इंग्रजी गोळी जन्मभर कोन खात बसंल?"

मी दिल्या. बाटली भरून दिली. पथ्य सांगितलं — कच्चा कांदा नाही, लसूण नाही, कॉफी नाही. आमच्यात सांगतात तसं. त्यांची गोळी बंद करा असं मी म्हटलं नाही. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय म्हणून सांगू! बंद करा म्हटलं नाही. पण चालू ठेवा असंही म्हटलं नाही. त्या पोरी गेल्यावर अक्कांना आत नेऊन म्हणता आलं असतं, अहो, मीही तीच इंग्रजी गोळी घेते. त्या हसल्या असत्या. 'लबाड हायस' म्हणाल्या असत्या, आणि गोळी चालू राहिली असती. एका वाक्याचं काम होतं.

अक्का चहा पिऊन निघाल्या. ते पाकीट माझ्या टेबलावर राहिलं. ते मी कचऱ्यात टाकलं — मीच.

वर्ष सरायच्या आत अक्कांना लकवा झाला. उजवी बाजू गेली.

मोठ्या दवाखान्यात तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी चालू होती ना? पुतण्या म्हणाला, काकू देत होत्या की औषध. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि केसपेपरवर लिहायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं.

हे झालं खोटं. पण मी ज्याला लाजते ते अजून पुढेच आहे.

काही दिवसांनी अक्कांना वाचा आली, तुटक तुटक. सगळे कॉटभोवती उभे होतो — हे, मोठे दीर, पोरं. आणि अक्का पहिलं काय बोलल्या असतील? "म्या... कांदा खाल्ला." रडायला लागल्या. "रानात... भाकरीसंगं. डॉक्टरनीनं सांगितलं हुतं. पथ्य पाळलं न्हाई म्या."

एका कांद्याच्या फोडीने कुणाला लकवा होत नाही. त्या खोलीत हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दीर कावले, "तरी बोंबलून सांगत हुतो, जिभेला आवर घाल!" आणि सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, "पथ्याचं मी सांगितलं होतं."

हेच ते वाक्य. खरं होतं — त्यातला शब्दन् शब्द खरा होता! आणि त्याने मी सुटले. दवाखान्यात सुटले, घरात सुटले, गावात सुटले. ज्या बाईने माझं लेकरू वाढवलं तिच्या अंगावर माझं पाप टाकून मी सुटले. तिच्या पायांना तेल चोळायला मी दर रविवारी पुणतांब्याला जायचे. लोक म्हणायचे, जाऊ असावी तर अशी. मी ऐकून घ्यायचे.

अक्कांना आता रोजची गोळी सुरू आहे. नातू देतो. माझीच गोळी आहे ती. लांबूनही ओळखते मी.

मागच्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी सावेडीत माझा सत्कार ठेवला. हॉल गच्च भरला होता. राजूरचा माझा एक विद्यार्थी बोलायला उठला. खूप हुशार पोरगा, आता केस पांढरे झालेत त्याचे. त्याने सांगितलं, की मॅडमनी स्वतःचं बीपी आपल्या औषधावर ठेवलं, ते ऐकलं त्या दिवशी मी कॉलेज सोडायचा विचार सोडला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. खोटं कशाला बोलू? — त्या क्षणीही माझी छाती फुगली. पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर अक्का होत्या. उजवा हात उचलत नाही, म्हणून डाव्या हाताने मांडीवर थापा मारून टाळ्या वाजवत होत्या.

कुणीतरी त्यांच्यापुढे माईक धरला. अक्का, मॅडमबद्दल दोन शब्द. अक्का अडखळत बोलल्या, पण सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "तिनं लई केलं माजं. म्याच पथ्य पाळलं न्हाई. पोरींनो... डॉक्टर सांगंल तसं वागा. माज्यावानी करू नका."

बायकांनी डोळे पुसले. मग माईक माझ्या हातात आला. मी छान बोलले — मी नेहमीच छान बोलते. सगळ्यात आधी अक्कांचे आभार मानले. माझा गळा दाटला तो खरा होता, आणि त्यालाही टाळ्या मिळाल्या.

हे झालं ते असं झालं. यात कॉलेजचा दोष नाही, औषधाचा नाही, त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा तर मुळीच नाही. केलं ते मी केलं. अक्का आहेत अजून, पुणतांब्याला, ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. फोन लावला तर लगेच लागेल.

अक्कांना वाचता येत नाही. हे लिहायला बसले तेव्हा मला ते माहीत होतं.