जीपमध्ये मी गप्प बसले

माझी मावशी जाम भित्री बाई होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. भेटेल तो म्हणतो, "केवढा तिचा विश्वास, केवढी हिंमत." हिंमत वगैरे काही नव्हती हो. कुत्र्याला घाबरायची. विजेला, सुईला, घाटातल्या वळणाला, तहसीलमधून आलेल्या कागदाला घाबरायची. मी फोन उचलला नाही तर मी मेलेच असं धरून चालायची.

आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं, सूर्यमाळच्या बाजूला, आमच्या पाड्यावर.

तिचे यजमान, आमचे काका, वसईकडे वीटभट्टीवर कामाला असताना तापाने गेले. तेव्हा भट्टीवरच्याच एका बाईने तिला प्रार्थनेला नेलं. तिथून ती येशूची झाली ती झालीच.

पाड्यावर परत आली तर लोक म्हणाले, ही बाटली. त्या उन्हाळ्यात विहिरीवर तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. सगळ्यांचं भरून झालं की भर दुपारी एकटी पाण्याला जायची. घरी येऊन हंडा खाली ठेवायची आणि रडत बसायची.

दुसऱ्या दिवशी परत जायची.

रविवारी आम्ही आठ-दहा माणसं एका घरी जमतो. तिथे साक्ष देतात, म्हणजे आठवडाभरात देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाला काम मिळालेलं असतं.

मावशीची साक्ष दर रविवारी एकच.

"या आठवड्यात पण भेव वाटलं. त्याला सांगितलं. पुन्हा वाटलं. पुन्हा सांगितलं. आमेन."

सगळे हसायचे. ती पण हसायची. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा मी चिडून विचारलं, "मावशी, एवढा विश्वास आहे तर भीती कशाला वाटते?"

"नाय वाटली तर रोज कशाला जाईन बाय त्याच्याकडे?" असं म्हणून ती परत भाकरी थापायला लागली.

आता माझं सांगते.

मी मोखाड्याला एका ऑफिसात कंत्राटी ऑपरेटर आहे. दरवर्षी नेमणुकीची ऑर्डर नवीन निघते. रविवारी मी कुठे जाते ते तिथे कुणाला माहीत नाही. कुणी विचारलं की "मावशीकडे." कोणी म्हणतं, कळलं तर जातीचा दाखला जाईल. कोणी म्हणतं, ऑर्डरच निघणार नाही. खरंखोटं माहीत नाही, पण विषय निघाला की मी उठून जायचे. ग्रुप फोटोत मागे क्रूस दिसला तर मी तेवढा भाग क्रॉप करायचे.

मागच्या वर्षी मावशीला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हार्टचं आहे, जव्हारला ॲडमिट करा.

सकाळी मोखाड्याहून जीप धरली. ती खिडकीशी, मी तिला चिकटून. समोर आमच्या पाड्यावरच्या दोघी. आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आमच्या ऑफिसचे भाऊसाहेब.

वळणं सुरू झाली. तिचे ओठ निळसर दिसायला लागले. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"बाय, प्रार्थना कर."

मी हळूच म्हटलं, "करतेय मावशी, मनात."

"मोठ्यानं कर. मला ऐकू दे. माझ्यात दम नाय राहिला."

समोरच्या दोघी बघत होत्या. भाऊसाहेबांची मान जराशी वळली, असं मला वाटलं. मी मोबाईल काढला. रेंज नव्हती. तरी स्क्रीनवर बोट फिरवत बसले.

मग तिनंच सुरू केलं, एकेका शब्दाला श्वास घेत.

"प्रभू, लय भेव वाटतंय. वळणं लय आहेत. ड्रायव्हरला सांभाळ. आणि माझ्या बायला पण भेव वाटतंय. तिला रागवू नको."

जीपमध्ये कोणी आमेन म्हटलं नाही. मीही नाही.

तेवढ्यात भाऊसाहेब मागे वळले.

"मॅडम, पाणी द्या त्यांना," म्हणाले आणि स्वतःची बाटली पुढे केली. ड्रायव्हरला म्हणाले, "हळू घे रे जरा."

एवढंच झालं. आणि ह्याला घाबरून मी गप्प बसले होते.

हॉस्पिटलमध्ये तिला सॉरी म्हणणार होते. पण वॉर्डात आजूबाजूला माणसं होती, म्हणून म्हटलं, घरी गेल्यावर म्हणू. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

दफनाला पाड्यावरचे येतील का ह्याची पण मला भीती. काही आले, काही नाही आले. जीपमधल्या दोघी आल्या आणि माती देऊन गेल्या.

आज सकाळपासून ही पोस्ट तीनदा लिहून डिलीट केली. भाऊसाहेब माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. पाड्यावरची पोरंसोरंही आहेत. नवीन ऑर्डर पुढच्या महिन्यात निघायची आहे. निघेल की नाही, माहीत नाही. वर्षभर वाट बघितली की आधी भीती जाईल आणि मग मी बोलेन. ती काही गेली नाही.

तर सगळ्यांसमोर लिहिते. मी ख्रिस्ती आहे. माझ्या मावशीमुळे आहे.

मावशी, मोठ्यानं कर म्हणाली होतीस. खूप उशीर झालाय, तरी करते.

प्रभू येशू, माझी मावशी घाबरलीये. तिला श्वास पुरत नाहीये. तिचा हात धर. मी तिच्या शेजारीच बसलेय आणि मी पण खूप घाबरलेय. माझाही धर.

आमेन.

नीट जा, मावशी.