दाजींच्या हॉलमधली गोल जागा

इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायला वाचत आले. पांढरी साडी, उलटे पाय, नेमका तेव्हाच बंद पडलेला मोबाइल… लिहिणाऱ्यांची कीव यायची. आज त्याच रांगेत उभी आहे, आणि मला त्याचा रागच येतोय.

मी नांदेडची, आर्किटेक्चर शिकते. ताई लातूरला, रेणापूर नाक्याच्या पुढच्या एका नव्या कॉलनीत राहते. दाजींचा प्लॉटिंगचा धंदा आहे. स्वतःचं घर ते पाहुण्यांना देऊळ दाखवल्यासारखं दाखवतात. गेल्या उन्हाळ्यात प्रोजेक्टसाठी मी त्या भागाचे निजामाच्या काळातले मोठे नकाशे घेऊन गेले होते – बांध, ओढा, पायवाट, सगळं दाखवणारे.

"काय शोधून राहिलात मॅडम?" दाजी म्हणाले. "इथं नुसतं माळरान होतं. मी आलो तवा कुत्रं फिरकत न्हवतं."

म्हणजे इतिहास दाजींपासून सुरू.

घरात तेव्हा वेगळाच विषय चालू होता. ताईचा चिकू नुकता चालायला लागला होता, पण हॉलमधून स्वयंपाकघरात सरळ जायचा नाही. भिंतीकडून वळसा घालून जायचा. ताईच्या सासूबाई येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या, "पोराच्या पायात खोट हाय. आमच्यात न्हाई बाई कुणाला असलं." आणि ताईकडे बघायच्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून डॉक्टरच बिनकामाचे ठरले. सोमवारी गावाकडच्या कुणा जाणकाराकडे नेऊन त्याच्या पायांना लाकडी पट्ट्या बांधायच्या होत्या. ताई मान खाली घालून भाजी निवडायची.

आमच्याकडे नांदेडला चिकू सरळ चालायचा. मी पाहिलं होतं. पण त्या घरात मी मीठसुद्धा मागून घेत नाही, तिथे हे काय बोलणार…

शनिवारी दुपारी हॉलमध्ये बसून लॅपटॉपवर जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवत होते. ओढा आणि मारुतीचं देऊळ जुळलं, की बाकीचं आपोआप जागेवर येतं. दाजींच्या घराच्या मधोमध एक वर्तुळ आलं. शेजारी उर्दूत काहीतरी लिहिलेलं. मी फोटो कॉलेजच्या लायब्ररीतल्या चाचांना पाठवला. उत्तर आलं – "बावडी. विहीर, बेटा."

मी मान वर केली. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या… भिंतीच्या कडेने. मागून ताई आली, तीही तशीच. मग लक्षात आलं, त्या हॉलमध्ये मधे टीपॉयसुद्धा नाही. सगळं सामान कडेला.

"चिकू एकटाच नाही," मी म्हणाले. "सगळेच वळून जातात." आणि नकाशा दाखवला.

सोफ्यावर बसलेले दाजी पोट धरून हसले. "घ्या. इंग्लिश मीडियमला भूत दिसून राहिलं."

"चालून दाखवा ना दाजी. सरळ."

"त्यात काय लागतंय?"

ते उठले, स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर लावून निघाले, आणि ऐटीत, भिंतीला खांदा घासत, वळसा घालून दारात पोचले.

"गेलो का न्हाई सरळ?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. मग ताई म्हणाली, "मग याला एकट्यालाच कशाच्या पट्ट्या?" तिचा त्या घरात असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

सोमवारी कुणी कुठे गेलं नाही.

मी लेव्हल लावून पाहिली. फरशीला उतार नाही. स्वतः तीनदा चालले, सरळ गेल्याची खात्री होती. व्हिडिओत तिन्ही वेळा वळसा आहे. नकाशा पाहून माझ्या मनाने घेतलं म्हणाल, पण दीड वर्षाच्या मुलाने कुठला नकाशा पाहिला होता?

निघायच्या दिवशी ताईने मला ती फरशी दाखवली. सहा वर्षांत पायांनी सगळीकडची कोटा फरशी मळकट झालीय. मधे तेवढा एक गोल पहिल्या दिवसाच्या पॉलिशसारखा चकचकीत आहे. मी टेप लावला. नकाशातल्या बावडीएवढाच भरला.

दाजींकडे मात्र याचंही उत्तर तयार आहे. पाहुण्यांना कडेने फिरवत ते सांगतात, मधली फरशी भारीतली टाकलीय.