दुसरे वाचन

इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानामागील खोलीत दर रविवारी हायकूमंडळ भरे. कवीने हायकू वाचल्यावर दुसऱ्या कुणी तोच पुन्हा वाचावा, हीच तेथली दाद. मावशींचे हायकू त्यांचे यजमान वाचत. ते निवर्तल्यावर मंडळी आदरापोटी मौन पाळू लागली. मावशी मात्र दर वेळी दुसऱ्या वाचनाची वाट पाहत राहत.

एके रविवारी त्यांनी वाचले :

दोरीवरचा सदरा,
वारा अंगात शिरताच
हात पसरतो.

पुन्हा तेच मौन.

“अहो घड्याळवाले भावोजी, तीन ओळीसुद्धा जड झाल्या का?”

ओशाळलेले घड्याळवाले भरभर वाचू लागले.

“सावकाश हो! ‘सदरा’ म्हटल्यावर हे जरा थांबायचे.”

ते थांबले. तेवढ्या विरामापुरते मावशींनी डोळे मिटून घेतले. पुढचा आवाज घड्याळवाल्यांचाच आला.