सातवं पाणी

प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्यात मामांची एकतीस वर्षं गेली. साबणाचा हात आणि वर सात पाणी, हा त्यांचा नेम. "इतकं घासता, एक दिवस काचच विरघळेल," असं ताई चिडवायची.

संशोधन करणाऱ्यांपैकी मामांशी बोलणारी ही एकटीच. पॉलिमर म्हणजे काय, हेही तिनेच सांगितलेलं. लांबलचक साखळीसारखा रेणू. एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला पाण्याचं वावडं. पाण्यात सोडलं की वावडं असलेली टोकं आपणहून आत दडतात, बारीक गोळे जमतात आणि पाण्यावर निळसर झाक येते. सरळ साखळ्यांचं हे ठरलेलं. तिची साखळी फांद्यांची होती. फांद्यांचेही गोळे जमतात, एवढंच तिला दाखवायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी एकदा जमले. त्या एका झाकेवर तिने सगळा प्रबंध उभा केला. पुढे मात्र दर वेळी नुसता पांढरा चोथा. आता सोमवारी तिच्या मार्गदर्शक सरांसमोर करून दाखवायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

"मामा, त्या दिवशी मी काय वेगळं केलं हो?" ती रडकुंडीला येऊन वही चाळत होती. "हे बघा. चौदा तारीख, मंगळवार."

मामांना ती तारीख पक्की आठवत होती. त्या मंगळवारी बायको चक्कर येऊन पडली होती. भांडी एका पाण्यातून काढून ते दवाखान्यात धावले होते.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं?

"ताई, माझ्या हातून घात झालाय," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

तिने वहीतली ती तारीख पुन्हा वाचली. मग विचित्र हसली. "म्हणजे ते गोळे साबणाचे होते, फांद्यांना त्यांनी पोटात घेतलं होतं. आणि मी दोन वर्षं साबणाच्याच मागे धावले!"

हसू विरलं. तिने प्रयोगाची बाटली पुढे केली. "मामा, हीही एका पाण्यातून काढा. सोमवारपुरती."

मामा बाटली घेऊन नळाशी गेले. एक पाणी झालं. दोन. तीन.

"मामा, पुरे ना."

चार. पाच.

"मामा, पाया पडते तुमच्या."

नळ चालूच राहिला. सातवं पाणी ओतून त्यांनी बाटली पालथी घातली. मागे वळून बघायची छाती मात्र झाली नाही.