लिफ्टखालची जमीन

मेलबर्नच्या कडेला, टार्निटमध्ये घर बुक करायला गेलो तेव्हा बाकीची जोडपी ओट्याचा दगड निवडत होती आणि माझा नवरा गॅरेजचं छत किती उंच करून मिळेल ते विचारत होता. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, आम्ही मोठी व्हॅन घेणार. "नो, कार लिफ्ट," तो म्हणाला, म्हणजे गाडी डोक्यावर उचलून धरणारं यंत्र. तिने ते लिहून घेतलं. छत उंच झालं, ओटा साधाच राहिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो काय मागत होता ते मला ठाऊक होतं.

पुण्यात तो गाड्यांच्या कारखान्यात होता. लाइनच्या शेवटी तयार गाडी डोक्यावरून सरकत यायची आणि हा खाली उभा राहून तिचं पोट तपासायचा. लग्न ठरलं तेव्हा त्याने मला तिथे नेलं होतं. इतर कुठेही जरा बुजल्यासारखा वावरणारा हा माणूस तिथे मान वर करून, टॉर्च फिरवत, हाताखालच्या लोकांशी थट्टा करत चालला होता. मी त्या माणसाशी लग्न केलं.

आम्ही मेलबर्नला आलो तोवर इथले गाड्यांचे कारखाने बंद झाले होते. त्याला काम मिळालं एका कोल्ड स्टोरेजच्या गोडाऊनमध्ये, मेन्टेनन्स प्लॅनरचं. म्हणजे दिवसभर स्क्रीनवरचे रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकवायचे. मशीनला हात लावणारे दुसरे. म्हणून वीकेंडला तो तेव्हाच्या भाड्याच्या घराच्या ड्राइव्हवेत ओळखीच्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा. पाठीवर झोपून गाडीखाली शिरायचा, काळ्या हातांनी बाहेर यायचा आणि सोमवारपर्यंत बरा असायचा. मग त्याच्या मणक्यातली गादी सरकली. ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाला, जमिनीवर झोपून काम करणं आता कायमचं बंद, उभ्याने केलं तर हरकत नाही. यातलं फक्त शेवटचं त्याने ऐकलं.

पलीकडच्या गल्लीत वसईचे एक गृहस्थ राहतात. पेशाने अकाउंटंट, पण गाड्यांचं वेड याच्याइतकंच. त्यांनी बातमी आणली की एक जुनं वर्कशॉप बंद होतंय आणि दोन खांबांची लिफ्ट विकायला आहे. दोघं ट्रेलर घेऊन गेले आणि लिफ्ट सुटी करून घेऊन आले. आमच्या गाड्या त्या दिवसापासून रस्त्यावर उभ्या राहू लागल्या.

सुरुवातीला त्याने सगळं रीतसर केलं, हे मला सांगायलाच हवं. इन्शुरन्सला फोन केला, स्पीकरवर. पलीकडची बाई शांतपणे एकेक प्रश्न विचारत होती. लिफ्ट जमिनीला बोल्टने बसवणार का? बांधकामात बदल होणार का? दुसऱ्यांच्या गाड्या त्यावर चढवणार का?

"ओन्ली फ्रेंड्स," तो म्हणाला.

"ते तुम्हाला काही देतात का?"

"बीअर."

ती हसली नाही. तिने सांगितलं की परमिट आणि काम पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत या कामामुळे घराचं जे काही नुकसान होईल ते पॉलिसीत बसणार नाही. शिवाय मोबदला घेऊन कुणाची गाडी दुरुस्त केली तर तो धंदा झाला, आणि घराची पॉलिसी धंद्याला चालत नाही. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "बरोबरच आहे तिचं. परमिट काढू."

परमिट देणारा सर्व्हेयर म्हणाला, आधी इंजिनिअरचा रिपोर्ट आणा. इंजिनिअर आला आणि त्याने गॅरेजच्या फरशीला एक बारीक भोक पाडून पाहिलं. आमच्या इस्टेटमधल्या बहुतेक घरांचा जमिनीवरचा स्लॅब असाच आहे: थर्माकोलचे मोठे ठोकळे मांडायचे आणि त्यांच्यावर, त्यांच्या मधल्या फटींत काँक्रीट ओतायचं. वरचा थर पातळ. गाडीचं वजन उचलणारे खांब तिथे बोल्ट करता येणार नाहीत. खांबांच्या जागी स्लॅब कापून, खाली खणून, दोन जाड चौथरे ओतावे लागतील. त्याने ड्रॉइंग काढून दिलं. मग सर्व्हेयरने विचारलं, फरशीखालून पाइप कुठून गेलेत? ते बिल्डरला माहीत. बिल्डरचं तोवर दिवाळं निघालं होतं. कुणी फोन उचलत नव्हतं.

असे महिने गेले. रोज संध्याकाळी तो ईमेल बघायचा. सर्व्हेयर म्हणायचा, "लुक्स ऑल राइट, मेट, जरा धीर धर." लिफ्टचे खांब गॅरेजमध्ये आडवे पडून होते. तो जेवणानंतर तिथे जाऊन बसायचा.

मग वसईकरांच्या ओळखीतला काँक्रीट कापणारा एका शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, मोकळा निघाला. त्यानंतर तो काही आठवड्यांसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, डार्विनला जाणार होता.

"थांब ना," मी म्हणाले. "परमिट येऊ दे."

"येतंच आहे. दोन खड्डे तर करायचेत. काम तंतोतंत ड्रॉइंगप्रमाणे होणार, मग आधी काय आणि नंतर काय?"

"सर्व्हेयरला विचार तरी."

"विचारलं तर तो नाहीच म्हणणार." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला आता वाट नाही बघवत गं."



करवतीने स्लॅब कापला. थर्माकोलचे पांढरे दाणे वाऱ्याने सगळ्या गल्लीभर पसरले, मी आणि आमची लेक झाडू घेऊन शेजाऱ्यांच्या दारातले गोळा करत फिरलो. खड्डे खणले, सळ्या बांधल्या, काँक्रीट ओतलं. ते पुरतं पक्कं होऊ दिलं आणि खांब उभे केले. एका रविवारी सकाळी त्याने आमचीच गाडी त्यावर घेतली आणि बटण दाबलं.

गाडी वर गेली. तो खाली उभा राहिला. पाठ सरळ, मान वर, हातात टॉर्च. वसईकरांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मला हाक मारून खाली बोलावलं आणि एकेक भाग दाखवू लागला, हा एक्झॉस्ट, हा ड्राइव्हशाफ्ट, हे बघ इथून तेल पाझरतंय. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होते. कारखान्यात पाहिलेला तो माणूस इतक्या वर्षांनी माझ्या शेजारी उभा होता.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेयरचा फोन आला. परमिट तयार आहे, फक्त काँक्रीट ओतण्याआधी खड्डे आणि त्यांच्या आजूबाजूचे पाइप बघायला कधी येऊ?

याने खरं काय ते सांगितलं. खोटं त्याला जमत नाही. सर्व्हेयर तरीही येऊन गेला. उभे खांब, ओतलेलं काँक्रीट, सगळं त्याने बघितलं आणि म्हणाला, "मी जे पाहू शकत नाही त्यावर सही कशी करू?" नवऱ्याने मोबाइलमधले सळ्यांचे फोटो दाखवले. सर्व्हेयरने ते सगळे नीट पाहिले. "चांगलं काम आहे," तो म्हणाला, "पण फोटोवर सही करता येत नाही." परमिट थांबलं आणि कौन्सिलला कळवणं त्याला भागच होतं. लिफ्ट वापरू नका, अशी नोटीस लागली.

तेवढ्यावर निभावलं असतं तर आम्ही सावरलो असतो. पण इथे पाऊस हिवाळ्यात असतो, तो लागला आणि घराचे दरवाजे अडकू लागले. आधी लेकीच्या खोलीचा. "डॅड, माय डोर वोंट क्लोज," ती म्हणाली. त्याने बिजागऱ्या सैल करून पाहिल्या. मग हॉलच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग छताकडे गेली. पॅसेजमधल्या टाइल्स उचलल्या गेल्या. गॅरेजची भिंत आणि घर यांच्यात माझी करंगळी जाईल इतकी फट पडली.

प्लंबरने कॅमेरा आत सोडला. छतावरचं पाणी वाहून नेणारा पाइप गॅरेजखालून गेलेला होता आणि एका खड्ड्याच्या कडेला तो चिरला होता. खणताना पहार लागली असणार, कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रत्येक पावसाचं पाणी घराखाली मुरत होतं. इथली काळी चिकणमाती पाणी प्याली की फुगते. तिने अख्खं घर एका बाजूने उचललं होतं.

नुकसानीची पाहणी करायला इन्शुरन्सचा असेसर आला. वयस्कर, सभ्य माणूस. बूट दाराबाहेर काढून आत आला. सगळ्या भेगा पाहून झाल्यावर त्याने विचारलं, "हे काम परमिट मिळण्याआधी झालं?"

"हो."

"आय एम सॉरी," तो म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जमीन फुगल्याने झालेलं नुकसान तसंही पॉलिसीत नव्हतं. पाइप अचानक फुटला असता तर काही मांडता आलं असतं. पण तो आम्ही फोडला होता, आणि तोही परवानगी नसलेल्या कामात. वसईकरांनी इंग्रजीत लांबलचक तक्रार लिहून दिली, ती वरपर्यंत गेली आणि तिथूनही नकार आला. ते घरी येऊन बराच वेळ बसले. "मीच तो कापणारा आणला," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. नवरा त्यांना म्हणाला, "अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" त्यानंतर ते फारसे येत नाहीत. दिसले की हात करतात.

लिफ्ट काढावी लागली. कौन्सिलचा तसा हुकूमच होता. त्याने ती एकट्याने सुटी केली, कुणालाही बोलावलं नाही, मलाही आत येऊ दिलं नाही. भंगारवाला येऊन घेऊन गेला. पाइप दुरुस्त झाला. पण माती कुठे आणि किती बसेल हे सांगता येत नाही, असं इंजिनिअर म्हणतो. माती थाऱ्यावर येईपर्यंत भेगा बुजवण्यात अर्थ नाही, आणि ती कधी येईल हेही तो सांगत नाही. घर विकायचं तर हे सगळं घेणाऱ्याला सांगावं लागेल. एका एजंटला विचारलं. त्याने पुन्हा फोन केला नाही.

लेक एकदा चिडून म्हणाली, "डॅड, इट्स जस्ट अ गराज. कॅन यू प्लीज टॉक टू अस?" तो म्हणाला, "बोलतोय की." आणि उठून भांडी घासायला गेला.

तो कामावर जातो, येतो, जेवतो. ओळखीच्यांनी गाडीचं काही विचारलं तर म्हणतो, वर्कशॉपला दाखवा. गॅरेजमध्ये आता आम्ही गाडी लावत नाही, तिथल्या फरशीला उतार आलाय.

गेल्या महिन्यात आमची गाडी सर्व्हिसिंगला द्यायची होती. मी बरोबर गेले. हायवेलगतच्या त्या वर्कशॉपमध्ये काचेपलीकडे ओळीने लिफ्ट आहेत आणि काचेच्या अलीकडे गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या. आमची गाडी वर गेली. एक मुलगी टॉर्च घेऊन तिच्याखाली उभी राहिली. माझा नवरा उठला, मला वाटलं काचेजवळ जातोय. त्याने खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसला.

"चहा घेतोस?" मी विचारलं. कोपऱ्यात मशीन होतं.

"नको," तो म्हणाला. "किती वेळ लागेल म्हणाले?"

"तासभर."

त्याने मान हलवली. आम्ही तासभर तसेच बसून राहिलो.