कापसाचे दोन बोळे

बाळीवेशीत बसलिंगप्पाचं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे तरी काय, दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं पायरीवर टेकायचं. तो तिसरा बहुतेक वेळा मी. मी म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर, आणि दर सोमवारी मठातल्या भजनात तबल्याला. बसलिंगप्पा, म्हणजे आमचा बसू, पेटीला. वीस वर्षं आम्ही मांडीला मांडी लावून वाजवलं, आणि त्याचा घात मी केला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून सारवासारवीची अपेक्षा करायला नको.

पेटीच्या पोटात पितळी पट्ट्या असतात, त्यांना सूर म्हणतात. सूर उतरला की पट्टीचं टोक कानशीनं जरासं घासायचं, तो चढतो. फार चढला तर बुडाशी घासायचं. बसू दोन सूर एकदम वाजवायचा आणि डोळे मिटायचा. जुळले नसले की आवाज थरथरतो, जुळले की थरथर थांबते. ती थांबली की तो डोळे उघडायचा. पार दुधनीपासून लोक पेट्या डोक्यावर घेऊन यायचे, ते त्या कानांसाठी.

"पितळ घासलं की परत येत न्हाय बे मास्तर," तो म्हणायचा. "हात राखून चालवावा लागतो."

पोरबाळ नव्हतं, शेत नव्हतं. होते ते दोन कान.

चौऱ्याहत्तर सालच्या गणपतीत आमच्या मंडळानं पुण्याहून ऑर्केस्ट्रा आणला. नेहमीची सिनेमाची गाणी नव्हेत. खांद्यापर्यंत केस वाढवलेली चार पोरं, दोन इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि कपाटाएवढे स्पीकर. ह्याला रॉक म्हणतात, असं मंडळाचा अध्यक्ष अण्णाराव पेठभर सांगत फिरत होता. त्याला तरी कुठं काय कळत होतं म्हणा!

बसूची बायको महादेवी गिरणीत कामाला. यंत्रांच्या खडखडाटात जन्म काढणारी माणसं कानांत कापूस कोंबतात, हे तिला कुणी शिकवायला नको. तिनं कापूस तेलात भिजवला, पिळला आणि दोन बोळे वळून नवऱ्याच्या हातावर ठेवले.

"घाला ह्ये. तुमचं कान म्हंजे आपली भाकरी हाय," ती म्हणाली.

त्यानं मुकाट घातले. तिच्यापुढं त्याचं काही चालत नसे.

पण आमच्याकडं मान म्हणजे पहिली रांग. जाणत्या वाजवणाऱ्याला मागं बसवलं तर मंडळाची अब्रू जाते. अण्णारावनं बसूला हार घातला आणि पहिल्या रांगेत, बरोबर स्पीकरच्या तोंडासमोर, मानाच्या खुर्चीवर बसवलं. शेजारी मी. सुरू करायच्या आधी गिटारवाला पोरगा स्टेजवरून उतरून बसूच्या पाया पडला. माझं लक्ष बोळ्यांकडं गेलं आणि मला लाजल्यासारखं झालं.

"काढ ते," मी त्याच्यावर खेकसलो. "कलाकारापुढं कान झाकून बसतोस? तुझ्या पेटीपुढं कुणी असा बसला असता तर पेटी मिटून उठला असतास की!"

हे खरं होतं. म्हणूनच तो ओशाळला. त्यानं बोळे काढून सदऱ्याच्या खिशात टाकले. महादेवी बायकांच्या बाजूला होती, लांब.

दोन तास चाललं ते. बरगड्या हादरत होत्या, डोळ्यांना पाणी येत होतं. मधे एकदा बसूनं खिशाकडं हात नेला. मी डोळे वटारले. हात मागं आला. तो हात मला अजून दिसतो.

घरी येताना दोघांच्याही कानांत शिट्टी वाजत होती. माझी आठ दिवसांत गेली. बसूची गेलीच नाही. वरच्या सप्तकाची जागाच तिनं धरली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली नस दुखावली, गेलं ते येणार नाही. राहिलंय ते जपा. मोठा आवाज असेल तिथं कान झाका, लांब बसा, मधेच उठून बाहेर जा. हेच महादेवीनं आधी सांगितलं होतं, आणि तेही न शिकता.

पुढल्या श्रावणाच्या आधी बसूनं मठाची पेटी नेहमीप्रमाणं लावून आणली. पहिल्या सोमवारी भाता हलला आणि माझी बोटं तबल्यावरच थबकली. वरचे सूर जुळलेलेच नव्हते, अंगावर येत होते. गाणारे सिद्धलिंगप्पा माझ्याकडं बघायला लागले. बसू डोळे मिटून वाजवत होता, चेहरा अगदी निवांत.

"लई ग्वाड लागलीय पेटी," भजन संपल्यावर सिद्धलिंगप्पा म्हणाले. मीही मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली. वीस वर्षं ज्याच्या कानावर विसंबलो, त्याला बेसूर म्हणायची छाती कुणाची होणार?

मग मी ती पेटी रेल्वेत घालून गुपचूप मिरजेला नेली आणि दुसऱ्याकडून लावून आणली. बसूला सांगितलं, दुधनीच्या मठात सप्त्याला दिलीय. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. गिऱ्हाईकं तोवर एकेक करून न बोलता गळाली होती. बसू म्हणायचा, हल्ली लोकांना गाणंबजावणं नको झालंय. मी म्हणायचो, व्हय की, दिवसच तसे आलेत.

शहात्तरच्या दिवाळीत धूळ काढायला म्हणून त्यानं मठाची पेटी उघडली. मी पायरीवर होतो. त्यानं एक सूर उजेडात धरला, मग दुसरा, मग तिसरा. तो कानस नेहमी उभी चालवायचा. पट्ट्यांवर आडवे ओरखडे होते.

"ह्यो हात माझा न्हाय," तो म्हणाला. "कुटं नेली हुती?"

"मिरजेला."

"किती येळा?"

"दोनदा."

त्यानं त्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"बोळं काढ म्हणायला तुला पळभर लागलं न्हाय," तो म्हणाला. "आनि ह्ये सांगायला दोन श्रावण गेलं?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोसलं असतं. त्यानं कानशी पुसल्या, तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या आणि दुकान बंद केलं. तिथं आता चहाचं हॉटेल आहे.

सोमवारी तो अजून मठात येतो आणि माझ्या शेजारीच बसतो, दोन्ही कानांत महादेवीचे बोळे घालून. राहिलंय ते जपायचं म्हणून. पेटी दुसराच कुणी वाजवतो. बोळ्यांमुळं आता कुणालाच अपमान वाटत नाही. बसू माझ्या बोटांवर नजर ठेवून मान हलवतो, समेवर हात टाकतो, चुकत नाही.

परवा भजन संपलं, आरतीची तयारी चालली होती. मी मनाचा हिय्या केला आणि त्याच्याकडं वळून म्हणालो, "बसू, चुकलं बे माझं."

त्यानं कपाळाला आठी घातली, कान पुढं केला.

"मोठ्यानं बोल की बे," तो म्हणाला. "ऐकू येत न्हाय."

मठ माणसांनी भरलेला होता. सिद्धलिंगप्पा होते, अण्णाराव होता, पलीकडं बायकांत महादेवी होती. मी तोंड उघडलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि तबल्यावर फडकं टाकलं.