दोन घंटांच्या मधे

पेनिनानं चपला काढल्या आणि चटईवर अंगच टाकलं. सकाळपासूनचं हे कितवं घर, हे मोजणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

"आलीस? मला वाटलं, तुझंही अपडेट झालं," फिलोई आजी म्हणाली. "तूही हळू चालायला लागलीस."

"झालंच आहे, आजी. दाखवा."

पडद्यावर आजीचा धाकटा भाऊ इओआने, ऑकलंडच्या हॉस्पिटलात. तोंड अर्धवट उघडं, चेहऱ्याचे नुसते चौकोन. उद्या त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी एकदा त्यानं घरची संध्याकाळची प्रार्थना सांगावी, एवढंच आजीचं म्हणणं. तो गावात होता तोवर ती त्याच्याच तोंडून व्हायची.

पेनिनानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढून पुन्हा खोचली. सगळं हाताच्या सवयीनं; खोट इथं नाही, हे तिला ठाऊक होतं. नव्या अपडेटपासून प्रत्येक फोन आपले जुने फोटो आपणहून वर पाठवत सुटला होता, आणि साऱ्या गावाला टॉवर एकच. ते पाठवणं बंद करत ती घरोघर हिंडत होती. निम्मं गाव अजून उरलं होतं.

"नाही ना जमत?"

"आज नाही, आजी."

आजीनं पंखा उचलला आणि वारा न घेताच खाली ठेवला.

तेवढ्यात घंटा झाली. आंब्याला टांगलेल्या रिकाम्या सिलिंडरवर कुणीतरी लोखंड बडवत होतं. सा, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ, सुरू झाला: दुसऱ्या घंटेला प्रार्थना संपेस्तोवर रस्त्यावर पाऊल नाही, घरोघरचे फोन बंद करून टोपलीत. आजीनं कॉम्प्युटर मिटायला हात पुढे केला. पेनिनानं तो धरला.

"थांबा. सगळ्यांचे बंद झाले. आता टॉवरवर आपला एकटाच."

"वेडी का तू? गावसभा दंडाचं डुक्कर मागेल."

"आपण गप्पा कुठं मारतोय? प्रार्थनाच करतोय ना?"

चौकोन विरघळले. माणूस दिसला.

"ताई, किती म्हातारी झालीस गं."

"आणि तू नवरदेव. चल, सुरू कर."

इओआनेचा आवाज थकलेला होता, पण तुटला नाही. घराला भिंती नाहीत. सा कुणी मोडू नये म्हणून रस्त्यावर राखणीला उभा असलेला सेफो काठी घेऊन थेट खांबापाशी आला. त्यानं आवाज ओळखला. काठी टेकवून, मान खाली घालून तो तिथंच उभा राहिला. पेनिनाचे डोळे मिटले ते प्रार्थनेनं की झोपेनं, तिचं तिलाही कळलं नाही.

आमेन झालं आणि दुसरी घंटा वाजली. गावभरचे फोन टोपल्यांतून बाहेर आले. पडद्यावर इओआने हसता हसता गोठला.

"आमच्या घरचाही रखडतोय," सेफो हळूच म्हणाला. "जाता जाता बघशील?"

पेनिना चपला शोधू लागली.

"पोरी," आजी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "उद्या कळेल त्याचं. घंटेच्या आधी येशील ना?"

उद्या पेनिना झोपणार होती.

"येते," ती म्हणाली.